दत्तक मुलीला आणायला भारतात जाताना मोठ्या मुलाला न्यावं का?

मेधा, न्यू जर्सी
आमचा मुलगा आठ वर्षांचा. विदर्भातल्या एका संस्थेतली तीन वर्षांची मुलगी कारा, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारी प्राधिकरणामार्फत आमच्याकडे येणार आहे. एनआरआय पालकही भारतातल्या पालकांच्याच रांगेत असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं वाट पाहिली. आता काराची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आली, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश तेवढा बाकी आहे.

सगळे सांगतात, तुम्ही दोघं जा, मुलाला माझ्या बहिणीकडे ठेवा, भावंडं घरी आल्यावर भेटतील. मला हे अजिबात पटत नाही. घरात पाच वर्षांवरचं मूल असेल तर दत्तकासाठी त्याची संमती घ्यावी लागते. त्यानं ती विचार करून दिली, ‘ती माझ्या खोलीत झोपणार का’ हेसुद्धा विचारून घेतलं. संमतीपुरता तो घरातला, आणि बहिणीला आणायला जाताना शाळा बुडते म्हणून मागे? तिची जागा, तिला सांभाळणाऱ्या मावश्या त्यानं डोळ्यांनी पाहिल्या, तर उद्या आम्ही नसतानाही तिला सांगणारं कुणीतरी असेल.

अरुंधती
मेधाताई, मी दत्तक संस्थेत समाजसेविका होते. मुलाला आणू नका. संस्थेतलं मूल हॉलमध्ये ओळीनं घातलेल्या गाद्यांवर, बाकीच्या मुलांच्या आवाजात झोपलेलं असतं. हॉटेलच्या बंद खोलीतल्या शांततेत त्याला झोप लागत नाही. जेवण झालं तरी पोळीचा तुकडा मुठीत धरून बसतं, काढून घेतला की आकांत. आणि बऱ्याचदा आईबाबांपैकी एकालाच घट्ट धरतं, दुसऱ्याला जवळ फिरकू देत नाही. समजा तिनं तुम्हाला धरलं. तुमच्या मुलाची आई परक्या गावात एका दुपारीत त्याच्यापासून लांब गेली. हेच स्वतःच्या घरात, मित्र आणि शाळा जवळ असताना त्याला सोसवेल. ते पहिले दिवस फक्त तिचे असू द्या.

नीलिमा
अरुंधतीताईंशी असहमत. आम्ही थोरलीला नेलं होतं. धाकटा आमच्याकडे बघायलाही तयार नव्हता, दाराला पाठ लावून उभा. लेक काही न बोलता फरशीवर बसून बाटल्यांची झाकणं एकावर एक रचत राहिली. तो सरकत सरकत तिच्यापर्यंत आला आणि वरणभाताचा पहिला घास तिच्याच हातून खाल्ला. त्याला सवय मुलांचीच होती, आईबाप ही त्याच्यासाठी नवीन गोष्ट. शिवाय मेधाचा मुलगा मराठी बोलतो. त्या अनोळखी घरात तिची भाषा बोलणारं मूल पहिल्या दिवसापासून असणं केवढी मोठी गोष्ट आहे!

संजय, टोरांटो
मी तारखांचं बोलतो. सप्टेंबर २०२२ पासून आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात हे चांगलंच झालं. पण त्याच टेबलावर निवडणूक आणि अतिवृष्टीचे पंचनामेही असतात. आदेशानंतर जन्मदाखला, पासपोर्ट, देशाबाहेरच्या दत्तकासाठीच्या हेग कराराच्या कलम २३ चं प्रमाणपत्र (दत्तक त्या करारानुसार झालं याचं), मग व्हिसा. तुम्ही दोघं कचेऱ्यांचे उंबरे झिजवाल, मुलगा नातेवाइकांकडे टीव्हीसमोर. त्यापेक्षा इथे शाळेत बरा.

वर्षा
मी स्वतः दत्तक आहे. मेधाताई, मुलानं तिची जागा पाहून साक्षीदार व्हावं हे तुमचं म्हणणं मला खुपलं. माझी गोष्ट माझ्याआधी भावाला का माहीत असावी? आठ वर्षांचा मुलगा आहे, वर्गात जाऊन सांगणारच की बहीण कुठून आणली, तिथली मुलं कशी राहतात. तिला ते कुणाला सांगायचं की नाही हे ठरवायचा हक्कच उरणार नाही. माझ्या दादाने भांडणात एकदाच ‘तुला तर आणलंय’ म्हटलं होतं. आमचं आज उत्तम आहे, पण ते वाक्य मी विसरलेली नाही.

मेधा, न्यू जर्सी
वर्षा, हे कुणीच बोललं नव्हतं. त्याला निघण्याआधीच सांगू की तिथे पाहिलेलं तिचं आहे, तिला विचारल्याशिवाय बाहेर सांगायचं नाही. आठ वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. पण नेणार नाही, असं मात्र म्हणणार नाही. संजयदादांचं ऐकून एक बदल करते. एनओसी झाल्यावर आदेश येईपर्यंत मूल भारतात आपल्याजवळ ठेवता येतं, त्यासाठी मी आधी जाईन. आदेश झाला की नवरा मुलाला घेऊन येईल. कागदपत्रांची धावपळ मी करेन, मुलाबरोबर त्याचे बाबा पूर्ण वेळ असतील.

अरुंधती
तुम्ही कचेऱ्यांत, मग मुलगी कुणाकडे? नेमकं हेच म्हणतेय मी. नवरा आधीपासून हवा, मुलगा नंतर आजोबांबरोबर आला तर माझी हरकत थोडी कमी होईल. आणि बारसं, कुलदैवत, सत्राशे साठ नातेवाईक हे सगळं पुढच्या भारतभेटीवर टाका. तिला तेवढ्या दिवसांत दोन-तीनच चेहरे ओळखीचे होऊ द्या.

नीलिमा
त्या दोन-तीन चेहऱ्यांत एक भावाचा असावा, एवढंच माझं म्हणणं.