वन्स अपॉन अ टाइम सीझन ४: एल्साला कलशात कोंडलं कोणी? आपापल्या थिअरी टाका

निळी_वेणी
परीकथेतली माणसं आपल्या जगातल्या स्टोरीब्रुक गावात राहतात त्या सिरीयलबद्दल हा धागा. सीझन ३ पूर्ण बघितला नसेल तर इथूनच मागे फिरा, पुढे नुसते स्पॉयलर आहेत.

२८ सप्टेंबर २०१४ ला सीझन ४ सुरू होतोय आणि मी मे महिन्यापासून त्या शेवटच्या एका मिनिटातच अडकलेय. एमा (स्नो व्हाइटची मुलगी) आणि कॅप्टन हुक भूतकाळातून परत आले, ग्रॅनीच्या डायनरमध्ये सगळे हसतखेळत बसलेत, स्नोच्या बाळाचं नाव मेलेल्या नीलवरून नील ठेवलं (मी रडले, कबूल), आणि तिकडे दुष्ट जादूगारीण झेलेनाच्या गोठ्यात तो भूतकाळात नेणारा पोर्टल पुन्हा उघडतो नि त्यातून एक कलश बाहेर पडतो. कलशातून निळं पाणी वाहतं, त्याची बाई होते, निळा ड्रेस, खांद्यावर वेणी, आणि ती चालत बाहेर जाते तशी मागे जमीन गोठत जाते. चेहरा दाखवलाच नाही लेकांनी! पण वेणी बघितल्यावर चेहरा कशाला लागतो, फ्रोझन सिनेमातली एल्साच ती, आणि तो सिनेमा येऊन तेव्हा सहा महिनेपण झाले नव्हते.

आता प्रश्न असा की हा कलश जादूगार रम्पलच्या (रम्पलस्टिल्टस्किन) तिजोरीत होता, म्हणजे ज्या वस्तू स्वतः रम्पललासुद्धा धोकादायक वाटतात त्या जिथे ठेवतो तिथे. मग तिला त्यात घातलं कोणी? रम्पलनेच? की दुसऱ्या कोणी घातलं आणि याने कलश फक्त मिळवून ठेवला? आणि अ‍ॅना कुठे होती तेव्हा? बहीण कलशात बंद आहे आणि अ‍ॅना गप्प बसलीये हे मला पटतच नाही, ती बाई बहिणीसाठी जीव द्यायला निघालेली.

अजून एक, एलिझाबेथ मिशेल ही नटी घेतलीये पण रोल काय ते सांगत नाहीयेत. इथेच काहीतरी पाणी मुरतंय असं मला वाटतं. एल्सा व्हिलन असेल का हो? मला ती व्हिलन नकोय, पण या सिरीयलचा भरवसा नाही, यांनी पीटर पॅनला राक्षस केला.

खोटा_खंजीर
एल्सा व्हिलन नाही. लिहून घे. या सीझनचा व्हिलन आधीच गावात आहे, नुकतंच त्याचं लग्न झालंय आणि आपण सगळ्यांनी त्या लग्नात टाळ्या वाजवल्या.

लोक फिनालेचं शेवटचं मिनिट धरून बसलेत पण त्याच्या आधीच्या एपिसोडला काय झालं ते बघा की. रेजिनाने (स्नो व्हाइटच्या गोष्टीतली दुष्ट राणी) झेलेनाला हरवलं, मारलं नाही, सुधारायला संधी द्यायची म्हणून कोठडीत ठेवलं. रम्पलला ताब्यात ठेवणारा खंजीर त्याच्या बेलकडे आला, बेलने विश्वासाने रम्पलला परत दिला, आणि रम्पलने काय केलं? तिला मागणी घातली आणि विश्वासाची खूण म्हणून खंजीर परत तिच्याच हातात ठेवला. फक्त तो खोटा. खरा घेऊन हा कोठडीत गेला आणि झेलेनाला संपवली, ती चिनीमातीसारखी तडकून फुटली, आणि वर कॅमेऱ्याचं फुटेज जादूने असं फिरवलं की तिने स्वतःच जीव दिला असं दिसावं. म्हणजे रागाच्या भरात केलेलं नाही हे, पुरावा मिटवण्यापर्यंत सगळं डोकं लावून केलंय. मग फिनालेमध्ये विहिरीपाशी आर्चीसमोर उभं राहून शपथा घेतल्या. बेलकडे आजही खोटाच खंजीर आहे आणि तिला वाटतंय की नवऱ्याचा सगळा ताबा आपल्याकडे आहे.

आणि पोर्टल उघडलं कशामुळे? झेलेना मेल्यावर तिच्यातली जादू बाहेर पडली त्यामुळे. रम्पलने खून केला नसता तर पोर्टल उघडलं नसतं, एमा भूतकाळात गेली नसती आणि एल्सा आली नसती. बदला मुलासाठी, नीलसाठी घेतला हे मान्य, बापाचं काळीज आहे, पण किंमत आता अख्खं स्टोरीब्रुक मोजणार.

माझं म्हणणं एवढंच की कलशात कोणी घातलं यापेक्षा रम्पलने तो कशासाठी ठेवला होता हे महत्त्वाचं. तो माणूस उगाच काही जपून ठेवत नाही. त्याला एल्साकडून काहीतरी हवं होतं.

पणजोबा_पॅन
खंजीरवाल्या भाऊंचं पटतंय, पण अर्धंच. रम्पल लबाडी करणारच, ते तो पहिल्या एपिसोडपासून करतोय. मुख्य व्हिलन मात्र नवा येणार आणि तो कोणाचा तरी नातेवाईक निघणार. ही सिरीयल म्हणजे परीकथा कमी आणि भावकीचं भांडण जास्त आहे.

आठवून बघा. रेजिना ही एमाच्या आईची, स्नोची सावत्र आई, म्हणजे एमाच्या मुलाची, हेन्रीची दत्तक आईपण आणि सावत्र पणजीपण. रम्पल हेन्रीचा आजोबा. पॅन म्हणजे रम्पलचा बाप, म्हणजे हेन्रीचा पणजोबा, आणि दिसतो हेन्रीपेक्षा थोडाच मोठा. कोरा रेजिनाची आई. झेलेना आली, सगळे म्हणाले आता बाहेरची व्हिलन, तर ती निघाली कोराने टाकून दिलेली मुलगी. हुक तेवढा बाहेरचा म्हणावा तर तो नीलच्या आईला घेऊन पळाला होता आणि आता नीलच्या एक्सच्या मागे आहे.

मग मला सांगा, एलिझाबेथ मिशेलचा रोल लपवताहेत तो का? साधी बर्फाची राणी असती तर सांगून टाकलं असतं. लपवताहेत कारण नातं लपवायचंय. माझा पैसा मावशीवर किंवा आत्यावर. आई नाही, कारण सिनेमात आईवडील जहाजासकट बुडतात आणि त्यांना परत आणलं तर लोक चिडतील. पण त्या आईला किंवा बापाला बहीण नव्हती असं सिनेमात कुठे म्हटलंय? आणि एल्साची जादू आली कुठून हे सिनेमात धड सांगितलेलंच नाही, जन्मतःच आहे म्हणून सोडून दिलंय. घराण्यात आधी कोणाकडे तरी असेलच ना. ज्या घरात एका मुलीला हातमोजे घालून खोलीत बंद ठेवलं, त्या घराने आधी एकीला कलशात बंद केलं असेल तर मला अजिबात नवल वाटणार नाही.

(आणि हो, सिरीयलचे कर्ते कित्सिस आणि होरोविट्झ दोघंही लॉस्टवाले, ती विमान पडलेली सिरीयल. एमिली डी रेव्हिन तिकडून आली, रेबेका मेडर तिकडून आली, आता मिशेल. पुढच्या वर्षी विमानच आणतील.)

तेराव्यानंतर
सगळे एवढे खूश आहात तर मी जरा विरजण घालतो. मला हे फ्रोझन प्रकरणच नकोय. ही सिरीयल दाखवणारं एबीसी चॅनल डिस्नेचं, फ्रोझन डिस्नेचं, सिनेमा तुफान चालला म्हणून वर्षभरात सिरीयलमध्ये घुसवला, यात कथेची गरज कुठे आहे? पहिल्या सीझनची मजा ही होती की गोष्ट आपल्याला माहीत असायची आणि ते लोक ती उलटी करून दाखवायचे. स्नो व्हाइट जंगलात लुटारू, लाल टोपीवाली स्वतःच लांडगा. तिथे धक्का बसायचा. आता एल्सा सिनेमातल्यासारखीच वेणी, तसाच ड्रेस घालून येणार, त्यात उलटं काय करणार? काही केलं तर लहान पोरांचे पालक ओरडणार, नाही केलं तर आपण जांभया देणार.

त्यापेक्षा अँडरसनची 'स्नो क्वीन' ही मूळ गोष्ट घेतली असती. १८४४ ची आहे, त्यात सैतानाचा आरसा फुटतो आणि त्याचे कण माणसांच्या डोळ्यात आणि काळजात जातात, मग त्यांना सगळं वाईटच दिसायला लागतं. स्टोरीब्रुकमध्ये असलं काही झालं तर बघा, सगळे गुण्यागोविंदाने राहताहेत आणि एका रात्रीत सगळ्यांना एकमेकांचे जुने गुन्हे आठवायला लागले. आणि आरसा तर यांच्याकडे आयताच आहे, रेजिनाचा आरशातला सिडनी. त्याला कुठे ठेवलाय कोण जाणे, कोणी विचारतपण नाही बिचाऱ्याला.

आणि वंडरलँडवाली स्पिन-ऑफ तेरा एपिसोडमध्ये गुंडाळली, तिच्यातून विल स्कार्लेट इकडे आणताहेत. त्याला तिकडे चांगला शेवट दिला होता, आता इकडे का आणि कसा येतोय याचं उत्तर मिळालं तरी मी बघेन म्हणतो.

निळी_वेणी
@तेराव्यानंतर आरशाची आयडिया भारी आहे, आणि तुम्ही विरजण घालता घालता या धाग्यातली सगळ्यात चांगली थिअरी टाकून गेलात. पण एक सांगू? उलटं करायला जागा आहे. सिनेमात एल्साचा प्रश्न भीतीचा होता, तो सुटला, लोकांनी तिला स्वीकारलं. आता ती अशा जगात आलीये जिथे तिला कोणी ओळखत नाही, बहीण नाही, आणि मधे किती वर्षं गेली तेही तिला माहीत नसणार. पुन्हा घाबरणार ना ती. आणि एमालापण स्वतःची जादू धड आवरता येत नाही, एकटीच वाढलेली. त्या दोघींची मैत्री झाली तर मला दुसरं काही नको.

@पणजोबा_पॅन मावशी! हे डोक्यात आलंच नव्हतं. आता मावशी नसेल तर मला वाईट वाटेल.

आउटलॉ_क्वीन_कायम
अरे रेजिनाबद्दल कोणी बोलणार आहे की नाही?? सगळे बर्फात रमलेत आणि इथे माझ्या राणीचं आयुष्य पुन्हा उद्ध्वस्त झालंय.

टिंकर बेलने किती वर्षांपूर्वी पिक्सी डस्टने तिला दाखवलं होतं की तो सिंहाचा टॅटूवाला माणूस तुझा आहे, ही दारापर्यंत गेली आणि घाबरून पळून आली. एवढ्या वर्षांनी तो माणूस, रॉबिन हूड, भेटला, तिने स्वतःचं हृदय काढून त्याच्याकडे सांभाळायला दिलं (झेलेनाने पळवलं ती गोष्ट वेगळी), सगळं जुळलं आणि एमाबाई भूतकाळातून कोणाला घेऊन आल्या तर मॅरियनला! रॉबिनची मेलेली बायको. बरं मॅरियन कोणाच्या तुरुंगात होती, कोण मारणार होतं तिला? रेजिनाच. म्हणजे रेजिनाला भांडायलापण तोंड नाही. डायनरमध्ये छोटा रोलंड आईला मिठी मारतो तेव्हा तिच्याकडे बघा फक्त, रेजिना झालेल्या लाना पॅरिलाने त्या एका मिनिटात जे केलंय त्याला तोड नाही.

आणि हे स्नोचंच पुन्हा झालं. लहानपणी स्नोने चांगल्या मनाने कोराला गुपित सांगितलं आणि रेजिनाचा प्रियकर डॅनियल गेला. आता तिच्या मुलीने चांगल्या मनाने एक जीव वाचवला आणि रॉबिन गेला. मायलेकी दोघींचं मन चांगलं आणि भोगते दरवेळी रेजिना.

माझी थिअरी: मॅरियन जगणार नाही. मेलेलं परत आणायचं नाही, कोणाला जबरदस्तीने प्रेमात पाडायचं नाही, भूतकाळ बदलायचा नाही, हे जादूचे तीन नियम. झेलेनाने तिसरा मोडायचा रस्ता उघडला आणि एमाने मॅरियनला आणून पहिला वाकवला. किंमत कोणीतरी देणारच. आणि ती एल्साच्या बर्फामुळे मेली तर संशय कोणावर जाईल? रेजिनावर. आणि रेजिनाच तिला वाचवायला धावेल, बघाच तुम्ही. ती पुन्हा वाईट होणार असं जे लोक म्हणताहेत त्यांनी झेलेनाला हरवताना तिने पांढरी जादू वापरलेली विसरू नये.

अर्धं_हृदय
बर्फ आणि हृदय यावरून एक, कोणी लिहिलं नाही म्हणून. स्नोने दुसरा शाप टाकताना नवऱ्याचं, चार्मिंगचं हृदय चुरडलं आणि मग स्वतःच्या हृदयाचे दोन भाग करून अर्धं त्याला दिलं. म्हणजे आज दोघं मिळून एकाच हृदयावर जगताहेत. आणि एल्साची शक्ती काय करते? हृदय गोठवते. एकाला लागलं तर दोघं जाणार, घरात तान्हं बाळ. आणि हृदयाला लागलं तर खऱ्या प्रेमाशिवाय उतारा नाही, पण खरं प्रेम असलेली दोन्ही माणसं तर आडवी पडलेली, मग चुंबन घेणार कोण? एमा. सीझन १ मध्ये हेन्रीला उठवलं तसं, फक्त यावेळी मुलीने आईबापाला. हे केलं नाही तर लेखकांनी फुकटात मिळालेला सीन वाया घालवला असं मी म्हणेन.

खोटा_खंजीर
@अर्धं_हृदय हे इतकं बरोबर बसतंय की ते नक्की करणार नाहीत.

@आउटलॉ_क्वीन_कायम मॅरियन मरणार हे मलापण वाटतं, पण इतक्या लवकर नाही. सीझन ३ सारखे दोन तुकडे केले, अकरा-अकरा एपिसोडचे, तर पहिल्या तुकड्यात ती गोठून पडलेली राहील आणि रॉबिन दोघींच्या मधे लटकलेला. अकरा एपिसोड तेच बघायची तयारी ठेवा.

जॉली_रॉजर
हुकने एमासाठी जहाज विकलं आणि हे कळल्यावर तिने त्याचं चुंबन घेतलं, या एवढ्या मोठ्या गोष्टीवर अख्ख्या धाग्यात एक शब्द नाही, तुम्हा लोकांना मन आहे की रम्पलसारखं काळं पडलंय? जहाज परत आलं पाहिजे. माझी थिअरी तेवढीच. बाकी एल्सा, मावशी, आरसा काय करायचं ते करा.

आणि एक विनंती, तिकडे रविवारी रात्री आठ म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाच. सगळ्यांनाच तेव्हा बघायला जमत नाही, मला तर संध्याकाळच उजाडते. तोपर्यंत कोणी नव्या धाग्याच्या टायटलमध्येच स्पॉयलर टाकला तर त्याचं हृदय काढून पेटीत ठेवायला मी रेजिनाला सांगेन.