शब्दचर्चा : ‘बारमाही’ की ‘बहुवर्षायू’?

प्रश्न : न्यू इंग्लंड ॲस्टर या उत्तर अमेरिकेतील रानफुलाची ओळख मराठीत लिहिताना मी ‘देशी, बारमाही फूल, पाकळ्या जांभळ्या, मध्यभाग पिवळा’ असे वर्णन केले आहे. ही शब्दयोजना योग्य आहे का?

उत्तर : ‘बारमाही’ हा शब्द येथे वापरू नये. बारमाही विहीर म्हणजे जिचे पाणी वर्षभर टिकते ती. त्याच न्यायाने बारमाही फूल वर्षभर फुलते असे वाचक समजेल. ही वनस्पती मात्र उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंतच फुलते, हिवाळ्यात तिचे जमिनीवरचे खोड वाळते आणि वसंतात जमिनीखालच्या भागातून नवे कोंब येतात. तिला ‘बहुवर्षायू’, म्हणजे अनेक वर्षे जगणारी, म्हणावे. त्या शब्दातच आयुष्य आहे, त्यामुळे बहराशी गल्लत होत नाही. नुसते ‘ॲस्टर’ही पुरणार नाही, कारण मराठीत त्या नावाने बहुधा ओळखले जाते ते बागेतले कॅलिस्टेफस, आणि ते वर्षायू, म्हणजे एका वर्षातच आयुष्य संपणारे आहे. ‘देशी’ म्हणजे वाचकाला आपल्याकडचे वाटेल, म्हणून ‘मूळची उत्तर अमेरिकेची’ असे लिहावे.

‘पाकळ्या’ हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. सूर्यफूल कुलात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो अनेक लहान फुलांचा स्तबक असतो. कडेची प्रत्येक जांभळी ‘पाकळी’ हे एक किरणपुष्पक असते आणि पिवळा मध्यभाग बिंबपुष्पकांचा असतो. स्तबकाखालच्या हिरव्या आवरणाला पुष्कळ जण संदले, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांबाहेरची हिरवी दले, समजतात. ते खरे तर छदमंडल, म्हणजे संपूर्ण स्तबकाला वेढणाऱ्या पानांसारख्या छदांचे वलय, असते. खऱ्या संदलांच्या जागी प्रत्येक पुष्पकाला बारीक केसांचा झुबका असतो, आणि ‘पिच्छसंदले’ हा मराठी शब्द ती गोष्ट किती नेमकी सांगतो! ओळख पटवताना हा भेद फार उपयोगी पडतो, कारण जांभळे किरण इतर जातींतही आढळतात, तर या जातीच्या छदमंडलावर चिकट ग्रंथींचे केस असतात आणि पानांचे तळ खोडाला कवटाळून असतात.

तेव्हा वर्णन असे करता येईल : ‘मूळची उत्तर अमेरिकेची, बहुवर्षायू वनस्पती, स्तबकात जांभळी किरणपुष्पके, साधारणतः ४० हून अधिक, व मध्ये पिवळी बिंबपुष्पके, छदमंडल ग्रंथियुक्त, पाने खोडाला वेढणारी.’