साध्या कपाटाच्या दारांना चौकटीचे रूप : नाशिककरांचे अनुभव

नाशिकच्या अनेक घरांतील कपाटांची दारे सपाट सनमायकाची असतात. ती कंटाळवाणी दिसू लागली तरी टाकून देण्याइतकी खराब झालेली नसतात. अशा दारांवर पट्ट्या बसवून त्यांना चौकटीदार रूप ज्यांनी दिले आहे, त्यांनी कोणती पट्टी वापरली, ती कशी चिकटवली आणि पावसाळ्यानंतर ती कशी राहिली, हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

गंगापूर रोड
गुळगुळीत सनमायकावर गोंद नीट धरत नाही, म्हणून आमच्या सुतारकाकांनी दारे आधी साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू दिली आणि मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासली. या कामाला पट्ट्या बसवण्यापेक्षा जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. पट्ट्या 6 मिलिमीटर जाड एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाच्या), 65 मिलिमीटर रुंद घेतल्या. तळाची मात्र मुद्दाम अधिक रुंद ठेवली, कारण चारही बाजू सारख्या असल्या की उंच दाराचा खालचा भाग अपुरा वाटतो. कापण्यापूर्वी मास्किंग टेपने दारावर चौकट आखून काही दिवस पाहिली, त्यामुळे प्रमाण ठरवणे सोपे गेले. हँडलखाली पट्टी आल्याने जाडी वाढते, तेव्हा लांब स्क्रू आधीच आणून ठेवावेत.

सिडको
आमचे कपाट सरकत्या दारांचे आहे. मागच्या दारावरची पट्टी पुढच्या दाराला घासते, म्हणून दोन दारांमधील फट मोजूनच आम्ही 3 मिलिमीटरची पट्टी निवडली.

पंचवटी
जुन्या वाड्यांच्या सागवानी दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते. अखंड लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्याला हलायला जागा मिळाली नाही तर ते तडकते. प्लायवूडचे दार असे हलत नाही, त्यामुळे त्यावरची चौकट केवळ शोभेची असते; पण त्यासाठी सागवानी बीडिंग (शोभेची अरुंद लाकडी पट्टी) घेतले, तर 45 अंशांच्या जोडांत, कोपऱ्याच्या आतल्या बाजूला, उन्हाळ्यात बारीक फट दिसू शकते. आम्हाला पॉलिशच हवे होते, म्हणून चांगले वाळलेले सागवान शोधून घेतले. रंग द्यायचा असेल तर मी एमडीएफच सुचवेन.

नाशिकरोड
पट्टी दाराच्या अगदी कडेपर्यंत नेली की बिजागरीच्या बाजूची जाडी वाढते आणि दार उघडताना ते शेजारच्या दाराला अडू शकते. आम्ही कडेपासून 50 मिलिमीटर आत बारीक बीडिंगची चौकट केली. बिजागऱ्यांना हातही लावावा लागला नाही.

इंदिरानगर
एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग शोषून घेतात आणि ओल लागली की फुगतात, म्हणून कडांना प्रायमरचे दोन हात देऊन, 220 नंबरच्या पेपरने घासून मगच रंग लावला. पट्टी आणि दार यांच्या जोडात पुट्टीऐवजी रंगवता येणारे ॲक्रिलिक सीलंट भरले, कारण दार आपटले की कडक पुट्टीला चिरा पडतात. हे काम दिवाळीनंतर काढावे; कोरड्या हवेत प्रत्येक हात नीट वाळतो, तर श्रावणात तोच बराच वेळ चिकट राहतो.