मदत हवी आहे: ईएसआय सुटलं, आता आईवडिलांसाठी विमा काढावा का?

नमस्कार मंडळी,

मी चाकणला एका कारखान्यात कामाला आहे. पगार २१ हजारांच्या आत होता तोवर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्यविमा) होतं. महिन्याला पाऊण टक्का कापायचे आणि त्यात इचलकरंजीचे आईवडीलही बसायचे. यंदा पगार २३ हजार झाला आणि ईएसआय सुटलं. कंपनीच्या ग्रुप विम्यात फक्त मी, बायको आणि मुलगी.

आई ५७ वर्षांची, सहा वर्षांपासून शुगर आहे. अप्पा ६१ चे, अजून मागावर जातात. दोघांच्या ५ लाखांच्या पॉलिसीचा हप्ता माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा निघतोय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, त्यानंतरचा हा आकडा.

अप्पा म्हणतात, "आजारी नाही पडलो तर पैसे बुडालेच की." कंपनीतले काही जण याला अडाणीपणा म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. ज्याची मजुरी आठवड्याला हातात येते आणि आठवड्यातच संपते, त्याने वर्षाची रक्कम एकदम कुठून काढायची? मी ईएसआयमध्ये नव्हतो तेव्हा अप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भिशी उचलली, आईच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या. सोडवून आणल्यापासून त्या तांदळाच्या डब्यात आहेत. विम्याचा विषय काढला की आई त्या डब्याकडे बोट दाखवते.

आमचं रेशनकार्ड केशरी आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण यादीतले आजार आणि यादीतलीच रुग्णालयं. आईच्या रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

त्यात एका एजंटने सांगितलं, "फॉर्मवर शुगर लिहू नका, हप्ता कमी बसेल." खोटं लिहून उद्या क्लेम नाकारला तर? आणि खरं लिहिलं तर शुगरशी संबंधित उपचारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

सरकारी योजनेवर भिस्त ठेवून हप्त्याचे पैसे दरमहा पोस्टात आरडीत टाकावेत, की फक्त आईची पॉलिसी घ्यावी? ज्यांनी फुले योजनेतून प्रत्यक्ष ऑपरेशन करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा, वरून किती खर्च आला? रुग्णालयात योजनेसाठी मदत करणारा आरोग्यमित्र वेळेवर भेटला का?

शनिवारी गावी जातोय. योजनेच्या कार्डासाठी आधार आणि रेशनकार्डाशिवाय आणखी काही न्यावं लागेल का?