बोका जेवला नाही तर इन्सुलिन द्यायचं का?
ताई, बोक्याने सकाळी खाल्लं नाही तर पूर्ण डोस द्यायचा का असं विचारलंय तुम्ही, तर नका देऊ, आधी कानाच्या कडेला टोचून शुगर बघा आणि व्हेटना फोन करा. वर कोणीतरी चुकलेला डोस संध्याकाळी डबल द्या म्हणालंय ते तर अजिबात करू नका, पुढचा डोस नेहमीच्या वेळी, नेहमीएवढाच.

आणि सिरिंज कुठली वापरताय ते प्लीज आत्ताच बघा. आपल्याकडे ४० युनिटवाली आणि १०० युनिटवाली (म्हणजे एका मिलीमध्ये ४० किंवा १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठीची) दोन्ही मिळतात, लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन सहसा १०० चं असतं, ते चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत भरलं तर अडीच युनिट जातं, आणि एवढ्याशा जिवाला ते फार होतं हो. मेडिकलवाला देईल ती घेऊ नका, बाटलीवरचा आकडा जुळवूनच घ्या.

तो लडखडला, गळून गेला किंवा शुगर ७० च्या खाली दिसली तर शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या, खात नसेल तर हिरड्यांना मध चोळा आणि तसंच उचलून दवाखान्यात न्या. मधाची बाटली हाताशीच ठेवा.