मागचा फोटो धूसर करायचा आहे, वरचा मजकूर नाही : सल्ला हवा

मल्हारगंज_इंदूर : आमच्या वाचन मंडळाच्या संकेतस्थळावर पहिल्या पानावर राजवाड्याचा फोटो असून त्यावर कार्यक्रमांचे वेळापत्रक आहे. फोटोच्या चौकटीला सीएसएसच्या (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) फिल्टरमधून ८ पिक्सेलचा ब्लर, म्हणजे धूसरपणा, दिला की वेळापत्रकही धूसर होते. खर्चाची तरतूद नाही आणि बहुतेक सभासद जुन्या अँड्रॉइड फोनवर पान उघडतात. केवळ सीएसएसने काय करता येईल?

लष्कर_ग्वाल्हेर : घटक (पानाचा एखादा भाग, जसे फोटोची चौकट) आणि त्याच्या पोटातले सारे काही एकत्र रंगवून झाल्यावर त्यावर फिल्टर चढतो, म्हणून आतल्या मजकुराला त्यातून वगळता येत नाही. फोटो ‘बिफोर’ या छद्म-घटकावर (सीएसएसने चौकटीत तयार होणाऱ्या जादा थरावर) घ्या, ब्लर फक्त त्याला द्या आणि मजकूर वरच्या थरात ठेवा. ब्लरमुळे फोटोच्या कडा पारदर्शक होत जातात. यासाठी फोटो किंचित मोठा करून बाहेरच्या चौकटीला ‘ओव्हरफ्लो हिडन’ द्यावे, म्हणजे चौकटीबाहेरचा भाग दिसत नाही.

बडोदेकर : मी संकेतस्थळासाठी एक सशुल्क थीम (तयार रचना) घेतली आणि तिच्यावर अत्यंत समाधानी आहे. काचेसारखी धूसर पेटी तयारच मिळते. आमच्या पानाची सर्वांनी स्तुती केली. आपणही तीच घ्यावी.

तुकोगंज : ताईंनी खर्च करायचा नाही असे स्पष्ट लिहिले आहे. ती पेटी ‘बॅकड्रॉप-फिल्टर’ने होते, जो घटकाच्या मागचे दृश्य धूसर करतो, मात्र पेटीची पार्श्वभूमी पूर्ण अपारदर्शक नको, अन्यथा मागचा धूसरपणा दिसणारच नाही. हा गुणधर्म क्रोममध्ये ७६ व्या (२०१९) आणि फायरफॉक्समध्ये १०३ व्या आवृत्तीपासून (२०२२) चालतो. सफारीच्या १८ पूर्वीच्या आवृत्त्यांसाठी गुणधर्माच्या नावाआधी ‘-webkit-’ हा वेबकिट उपसर्ग लावूनही तो लिहावा.

राजमहाल_रोड : एक गोष्ट कोणीच सांगितली नाही. ब्लर म्हणजे गोपनीयता नव्हे! आमच्या ओळखीच्या एका शिकवणी वर्गाने पालकांचे फोन क्रमांक ब्लर करून ठेवले होते. ते मूळ कोडमध्ये जसेच्या तसे होते आणि कोणालाही वाचता येत होते. जे दाखवायचे नाही ते पानावर पाठवूच नये.

तुकोगंज : आपले म्हणणे खरे आहे, परंतु येथील वेळापत्रक सर्वांसाठीच आहे.

बडोदेकर : फोटो छद्म-घटकावर घेऊन मजकूर वर ठेवावा, हेच माझेही मत आहे. तरीही थीममध्ये हे सारे आयते मिळते.

लष्कर_ग्वाल्हेर : आणखी एक सावधगिरी बाळगा. ज्या घटकाला फिल्टर लागतो, त्याच्या आतले ‘पोझिशन फिक्स्ड’ (एरवी खिडकीत एकाच जागी स्थिर राहणारे) बटण खिडकीऐवजी त्या घटकाला धरून बसते आणि पान सरकवताना त्याच्याबरोबर जाते. मोठ्या क्षेत्रावर मोठ्या त्रिज्येचा ब्लर फोनवर जड पडतो; बॅकड्रॉप-फिल्टरच्या मागचे दृश्य हलले तर ते पुन्हा पुन्हा धूसर करावे लागते. ब्लरची त्रिज्या ॲनिमेट करण्याऐवजी (हळूहळू बदलत दाखवण्याऐवजी) धूसर थराची अपारदर्शकता बदलावी.

मल्हारगंज_इंदूर : सर्वांचे मनापासून आभार. छद्म-घटकाचा उपाय करून पाहिला आणि तो अगदी नीट चालला; पण राजवाड्याचे खालचे दगडी मजले व वरचे लाकडी मजले यांतला फरक दिसावा म्हणूनच मी तो फोटो निवडला होता, आणि ब्लर नेमका तोच पुसून टाकतो. म्हणून फोटो स्वच्छ ठेवून वेळापत्रक त्याच्या खाली पांढऱ्या, पूर्ण अपारदर्शक पेटीत काळ्या अक्षरांत देत आहे. ज्येष्ठ सभासदांनाही ते वाचायला सोपे जाईल.

बडोदेकर : थीममध्ये तशी पेटीही आहे.