खुब्याचं दुखणं आणि ऑपरेशनशिवायचे दिवस : आपापले अनुभव लिहा

सातारा, वय ४९, धावणारी

सुरुवात मीच करते. हिल हाफ मॅरेथॉनच्या निमित्तानं यवतेश्वरचा घाट चार वेळा धावून झाला. मग उजवा खुबा बाहेरच्या बाजूला ठणकायला लागला. त्या कुशीवर झोपलं की रात्री दोनला जाग. तेल झालं, शेक झाला, तीन महिने पूर्ण विश्रांती झाली. पुन्हा धावायला लागले आणि तिसऱ्या दिवशी दुखणं हजर.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "एका बोटानं दाखवा." आपण सगळे 'खुबा' म्हणतो, पण बोट प्रत्येकाचं वेगळीकडे जातं. जांघेत गेलं तर बहुतेक वेळा खुद्द सांधा. मागे कुल्ल्यात गेलं तर पुष्कळदा मूळ कमरेत. माझं बोट बाहेरच्या टोकदार हाडावर, म्हणजे तिथे चिकटलेल्या स्नायूच्या दोरीचं (टेंडनचं) दुखणं.

मी मात्र यूट्यूब बघून पाय आडवा ओढून ताणत होते. त्यानं ती दोरी हाडावर आणखी दाबली जाते. ताणणं बंद केलं. पायावर पाय टाकून बसणं बंद. पोवई नाक्यावर एसटीची वाट बघताना एका पायावर कलून उभी राहायचे, तेही बंद. झोपताना गुडघ्यांत उशी. व्यायाम अगदी साधे : उताणं पडून कंबर उचलणं, मग एका पायावर तेच, मग पायरी. फरक कळायला तीन महिने लागले.

दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. व्यायामात तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्याइतकं खाली यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी कमी करायचं. घाट आठ महिने बंद होता. साताऱ्यात सपाट रस्ता शोधणं हाच एक व्यायाम आहे!

सांगली, वय ६३, निवृत्त शिक्षक

ताई, माझं बोट जांघेत. एक्स-रेत सांध्यातली फट कमी झालेली. डॉक्टर म्हणाले, बदलायचा तर आहेच, पण घाई नाही, चालतंय तोवर चालवा. त्याला चार वर्षं झाली.

पंगतीत मांडी घालून बसणं सोडलं, घरी कमोड बसवला. लग्नात खुर्ची मागायची लाज वाटायची, आता नाही. वजन ८४ वरून ७६ वर आणलं. एका पायावर भार आला की खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो, हे समजल्यावर संध्याकाळची भडंग आपोआप कमी झाली.

काठीबद्दल मुद्दाम लिहितो. उजवा खुबा दुखतो म्हणून सहा महिने काठी उजव्याच हातात धरत होतो. ती डाव्या हातात हवी! दुखऱ्या पायाबरोबर काठी पुढे टाकायची. सहा महिन्यांत एकानंही टोकलं नाही.

कृष्णेत पोहण्याची लहानपणापासूनची सवय. बेडकासारखे पाय मारले की जांघेत कळ येते, सरळ पाय मारून पोहलं तर काही नाही. दोन्ही करून बघा.

वाईजवळचं गाव, शेतकरी

डॉक्टर म्हणले आराम करा. भांगलण काय थांबतीय व्हय? उकिडवं बसलं की जांघंत चमक निघायची. आता बसायला बुटकं स्टूल नेतो, अर्ध्या तासानं उठतो, चार पावलं टाकतो. पोरं हसली, हसू द्या.

दुसरं. मेडिकलातनं दुखण्याच्या गोळ्या आणून दोन वर्षं रोज खाल्ल्या. बीपी वाढलं, रक्त तपासलं तर किडनीचा आकडा वर. गोळ्या बंद केल्या तवा थांबला. रोजच्या गोळीनं माझ्यासारखं करून घेऊ नका.

पलूस, वय ३४, तालमीतला

पाचशे बैठका मारायचो. खाली गेलं की जांघेत काहीतरी चिमटायचं. वस्ताद म्हणायचे, अंग मोकळं होतंय. शेवटी निघालं ते असं की, मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो बसतो ती खोबण, यांच्या कडा आपण वाकल्यावर एकमेकींना घासतात. आता खुर्चीच्या उंचीपर्यंतच बैठक, खाली जात नाही. सायकलची सीटही उंच केली, गुडघा छातीकडे कमी येतो. मांडीतली ताकद गेलेली नाही. पोरांना शिकवताना मात्र पूर्ण बैठक दाखवायचा मोह आवरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी भोगतो.

कऱ्हाड, वय ३८

माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहितेय. जांघेत दुखत होतं, एक्स-रे स्वच्छ आला. आठ महिने व्यायाम करत राहिले, दुखणं वाढतच गेलं, रात्रीही. शेवटी एमआरआय केला तेव्हा कळलं की हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटलाय. पूर्वी दुसऱ्या आजारासाठी बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सुरुवातीच्या टप्प्यात सापडलं असतं तर गोळा वाचवायचा प्रयत्न करता आला असता. माझा एक खुबा बदलावा लागला. स्टेरॉइड घेतलं असेल, दारू जास्त असेल, पडल्यानंतर पाय टेकवत नसेल किंवा दुखण्याबरोबर ताप असेल, तर उशी-काठीचे प्रयोग करत बसू नका. आधी तपासून घ्या.

सातारा, धागा सुरू करणारी

कऱ्हाडच्या ताई, बरं झालं लिहिलंत. तुमची गोष्ट वर घ्यायला हवी होती.

पलूसचे भाऊ, पूर्ण बैठक दाखवायला एखाद्या पोरालाच पुढे करा की.

आणि सर, काठीचं वाचून सासूबाईंना आत्ताच हात बदलायला लावला. दोन वर्षं चुकीच्याच हातात होती. त्या म्हणतात, या हातात पिशवी धरायची सवय आहे, आता पिशवी कुठं धरू?